फवारणी पंपात कोणते पेट्रोल घालावे?



पावसाळा लागून केळीच्या बागांत करप्याची फवारणी सुरू झाली की आपल्या फोपनार परिसरातल्या मिस्त्री लोकांच्या दुकानासमोर पाठीवरच्या पेट्रोल पंपांची रांग लागते. तक्रारी दोनच प्रकारच्या असतात. एक, "दिवाळीला चांगला चालू ठेवला होता, आता दोरी ओढून ओढून हात दुखले तरी सुरू होत नाही." दुसरी, "दोन टाक्या मारल्या आणि पिस्टन जाम झाला." पिस्टन, रिंगा आणि सिलिंडर बदलायचे म्हणजे पंपाच्या किमतीचा मोठा हिस्सा गेलाच. त्याहून मोठे नुकसान असे की ज्या आठवड्यात फवारणी व्हायला पाहिजे तो आठवडा हातचा जातो, आणि करपा काही पंप दुरुस्त होईपर्यंत थांबत नाही.

या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा मशीनमध्ये नसून टाकीत असते. इंधन निवडणे हे आपल्याकडे 'पंपावर जा, शंभरचे टाका' एवढेच समजले जाते. कोणी फार काळजी करणारा असेल तर महागातले पेट्रोल घालतो आणि निश्चिंत होतो. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे. यात कक्षा सातवीचे गणितही आहे आणि कक्षा दहावीचे रसायनशास्त्रही आहे.

प्रथम आपले मशीन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हे पाहावे. मोटारसायकल आता सगळ्यांच्या फोर-स्ट्रोक आहेत. त्यांच्या इंजिनात खाली वेगळे ऑईल असते आणि टाकीत निव्वळ पेट्रोल जाते. फवारणीचे बरेचसे हलके पंप आणि गवत कापायचे ब्रश कटर मात्र टू-स्ट्रोक असतात. टू-स्ट्रोक इंजिनात ऑईलचा वेगळा साठा नसतो. पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या खोलीतून जाते, तिथल्या बेअरिंगला आणि पिस्टनला वंगण देत वर चढते आणि मग जळते. म्हणजे वंगण पेट्रोलमध्ये विरघळूनच आले पाहिजे. ओळखायची सोपी खूण अशी: इंजिनाच्या खालच्या बाजूला ऑईल भरायचे वेगळे झाकण असेल तर फोर-स्ट्रोक, नसेल तर टू-स्ट्रोक. तरी पुस्तिका उघडून खात्री करावी. टू-स्ट्रोकमध्ये साधे पेट्रोल घातले तर इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते. उलट फोर-स्ट्रोकच्या टाकीत टू-टी ऑईल घातले तर फायदा काहीच नाही, धूर आणि काजळी तेवढी वाढते.

आमच्या वयाच्या लोकांना हे सांगावे लागत नव्हते. राजदूत, येझदी, चेतक, आर.एक्स. १०० या सगळ्या टू-स्ट्रोक गाड्या. पेट्रोल पंपावर 'तेल टाकून द्या' म्हटले की पंपावरचा मुलगा मापाने टू-टी ऑईल घालून देत असे. धुरामुळे त्या गाड्या रस्त्यावरून गेल्या आणि त्यांच्याबरोबर ती सवयही गेली. आजचा अठरा वर्षांचा मुलगा शेतात टू-स्ट्रोक पंप पाठीवर घेतो, पण त्याने टू-स्ट्रोक गाडी कधी चालवलेली नसते. त्यामुळे ऑईल किती, कोणते आणि कशासाठी हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आता गणित. पुस्तिकेत १:२५, १:४० किंवा १:५० असे लिहिलेले असते. यालाच गुणोत्तर म्हणतात. आम्ही हिंदीतून शिकलो तेव्हा त्याला 'अनुपात' म्हणत होतो. १:२५ म्हणजे एक भाग ऑईल आणि पंचवीस भाग पेट्रोल. एक लिटर पेट्रोल म्हणजे १००० मिलिलिटर. १००० ला २५ ने भागा, उत्तर ४०. म्हणजे एका लिटरला ४० मिलिलिटर ऑईल. १:४० असेल तर २५ मिलिलिटर, १:५० असेल तर २० मिलिलिटर. पाच लिटरचा कॅन १:२५ ने करायचा असेल तर २०० मिलिलिटर. एवढे साधे गणित आहे, तरी शेतात 'दोन बुचे टाक' असे चालते. बूच कोणत्या बाटलीचे, हे कोणी विचारत नाही. मापाचा कप किंवा सुई काढलेली मोठी सिरिंज वेगळी ठेवावी, आणि औषध मोजायचा कप कधीही यासाठी वापरू नये. ऑईलचे माप हातात घेतलेल्या माणसाच्या हाताला कीटकनाशक लागणे ही साधी गोष्ट नाही.

ऑईल जास्त झाले तर चांगलेच, असेही समजू नये. जादा ऑईलने प्लग काळा होतो आणि सायलेन्सरची जाळी चोंदते. शिवाय तेवढ्याच थेंबात पेट्रोलचा वाटा कमी होतो. टू-स्ट्रोकसाठीच बनवलेले ऑईल घ्यावे. डब्यावर एफ.सी. किंवा एफ.डी. असा दर्जा छापलेला असतो. ही जपानी मानके आहेत आणि धूर कमी व काजळी कमी असा त्यांचा अर्थ आहे. मोटारसायकलचे फोर-स्ट्रोक ऑईल, आणि त्यातही काढलेले काळे ऑईल, यात घालणे म्हणजे मशीनशी वैर धरणे. डब्यावर टी.सी.-डब्ल्यू.-३ लिहिलेले ऑईल बोटीच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते. आपला पंप हवेने थंड होतो, त्याला ते चालत नाही.

यानंतर महाग पेट्रोलचा प्रश्न. पंपावर साधे पेट्रोल असते आणि जास्त ऑक्टेनचे, जास्त भावाचेही असते. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवा दाबली जाते, गरम होते, आणि मग प्लगची ठिणगी पडते. ठिणगी पडायच्या आधी किंवा ज्वाला पोहोचायच्या आधीच एखाद्या कोपऱ्यातले पेट्रोल आपोआप पेटले तर हातोडी मारल्यासारखा खटखट आवाज येतो. तसे आपोआप न पेटता दाब सहन करायचा जो गुण, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० गुण आणि हेप्टेनला शून्य गुण धरून हे माप ठरवले आहे. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला जास्त ऑक्टेन लागते. फवारणी पंपाच्या छोट्या इंजिनाचा दाब फार नसतो. त्याला साध्या पेट्रोलचे ऑक्टेन पुरून उरते. निव्वळ ऑक्टेनसाठी जास्त पैसे मोजणे म्हणजे पहिलीच्या मुलाला कॉलेजची पुस्तके घेऊन देण्यासारखे आहे.

पूर्वी हे ऑक्टेन वाढवायला पेट्रोलमध्ये शिसे मिसळत असत. शिसे विषारी, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. आता ऑक्टेन वाढवायचे काम बऱ्याच अंशी इथेनॉल करते, आणि आपल्या विषयाची खरी गाठ इथेच आहे.

इथेनॉल म्हणजे ऊस, मका, तांदूळ यांपासून काढलेले अल्कोहोल. पेट्रोलमध्ये ते मिसळण्याचा पहिला प्रयोग आपल्यापासून फार दूर झालेला नाही. २००१ साली ज्या ठिकाणी चाचणी घेतली त्यांत मिरज आणि आपल्या भुसावळ लाईनवरचे मनमाड होते. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचे पेट्रोल विक्रीला आले, आणि २०२५ पर्यंत तेच बहुतेक पंपांवर साधे पेट्रोल झाले. यालाच ई-२० म्हणतात. आम्ही या धोरणाच्या विरोधात नाही. ऊस आणि मका पिकवणाऱ्याला त्यातून बाजार मिळतो, आणि बाहेरून आणावे लागणारे तेल वाचते. परंतु ज्या दुकानातून पंप घेतला तिथे 'हा ई-२० वर चालेल का' हे विचारायची पद्धत अजून पडलेली नाही, आणि ती पडली पाहिजे असे आमचे मत आहे.

इथेनॉलमुळे तीन गोष्टी बदलतात. एक म्हणजे एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश उष्णता कमी असते. त्यामुळे टाकी थोडी लवकर संपते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या दुचाकींचे ॲव्हरेज ३ ते ४ टक्के कमी होईल असे म्हटले होते. ही गोष्ट छोटी आहे.

दुसरी थोडी मोठी. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो. म्हणून तेवढेच इंधन जाळायला हवा कमी लागते. नवीन गाड्यांत सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतात. फवारणी पंपाच्या कार्बोरेटरला काही कळत नाही. तो ठरलेल्या छिद्रातून ठरलेले इंधन सोडतो. परिणामी मिश्रण हलके पडते आणि इंजिन जास्त तापते. बैशाखाच्या उन्हात आधीच तापलेल्या हवेने थंड व्हायचे असलेल्या इंजिनाला हे जड जाते. जुन्या पंपांचे रबरी नळ, वॉशर आणि कार्बोरेटरची पातळ पडदी इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात, हेही याच्याच बरोबरीने. बऱ्याच लहान इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. नवीन घेताना ई-२० साठी बनवलेले मशीन मागावे. जुन्याचे नळ आणि पडदी पावसाळ्याआधी मिस्त्रीला दाखवून बदलून घ्यावी आणि कार्बोरेटरचा स्क्रू त्याच्याकडूनच जुळवून घ्यावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे पाणी. पेट्रोल आणि पाणी एकत्र होत नाहीत, हे लहान मुलालाही माहीत आहे. इथेनॉल मात्र दोघांशीही मैत्री करते. हवेतला दमट अंश ते ओढून घेते. थोडे पाणी असेल तोपर्यंत सगळे एकजीव राहते, काही कळत नाही. पण पाणी एका मर्यादेपलीकडे गेले, किंवा रात्री गारवा वाढला, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर जाते आणि दोघे मिळून टाकीच्या तळाला बसतात. वर पेट्रोल, खाली पाणी आणि इथेनॉल. आता लक्षात घ्या, टाकीतली नळी इंधन कुठून ओढते? तळातून. आणि आपण मिसळलेले टू-टी ऑईल कुठे राहते? वर, पेट्रोलमध्ये. म्हणजे इंजिनाला तळातले जे मिळते त्यात वंगण जवळपास नसतेच. माणूस शपथेवर सांगतो की ऑईल बरोबर मोजून घातले होते, आणि तो खरेच बोलत असतो. तरी पिस्टन जाम होतो.

आपल्याकडे हे का जास्त घडते? कारण फवारणीचा हंगाम आणि दमट हवेचा हंगाम एकच आहे. कॅनचे झाकण उघडे, बांधावर ठेवलेला कॅन, वरून भुरभुर पाऊस, ओल्या हाताने लावलेले नरसाळे. त्यात दिवाळीनंतर पंप अर्ध्या टाकीसह गोठ्यात ठेवला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच पेट्रोलवर दोरी ओढली जाते. सात-आठ महिन्यांत पेट्रोलचा हलका भाग उडून गेलेला असतो, उरलेल्याचा डिंकासारखा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात बसलेला असतो. 'सुरू होत नाही' ही पहिली तक्रार याची, आणि 'जाम झाला' ही दुसरी बऱ्याचदा पाण्याची.

बर्फाच्या देशातही हाच प्रश्न आहे, फक्त ऋतू उलटे. बर्फावर चालणारी स्नोमोबाईल आपल्या मुलांनी टीव्हीवर पाहिली असेल. आपल्या देशात गुलमर्गला ती चालते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या जोसेफ-आर्मान्द बॉम्बार्डियर यांनी १९५९ मध्ये छोटी, एक-दोन माणसांची स्नोमोबाईल बाजारात आणली. त्यांतल्या अनेकांत आपल्या पंपासारखेच टू-स्ट्रोक इंजिन असते, अर्थात खूप मोठे. तिथे टाकीच्या आत वाफ थिजून पाण्याचे थेंब होतात आणि नळीत त्यांचा बर्फ होऊन इंधन अडते. त्यावर लोक पेट्रोलमध्ये मुद्दाम थोडे अल्कोहोल घालत असत, म्हणजे ते पाणी अल्कोहोलमध्ये विरघळून जळून जाईल. अल्कोहोलची पाणी ओढण्याची जी सवय तिथे कामाची ठरली, तीच जास्त प्रमाणात आणि बंद पडून राहिलेल्या टाकीत अडचणीची ठरते. तिकडचे जाणकार हिवाळा संपला की गाडी ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करतात किंवा पेट्रोल टिकवायचे द्रव्य घालतात. आपण दिवाळीला तेच केले पाहिजे.

म्हणजे करायचे काय? लागेल तेवढेच पेट्रोल आणावे, दोन-तीन दिवसांचे. मिसळलेले इंधन महिनाभराहून जास्त ठेवू नये. उरले तर फेकू नये, पण पुढच्या हंगामासाठीही राखू नये. आधी कॅनमध्ये अर्धे पेट्रोल घ्यावे, मोजलेले ऑईल घालावे, झाकण लावून हलवावे, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे. थेट पंपाच्या टाकीत मिसळू नये. भरण्यापूर्वी थोडे इंधन पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन पाच मिनिटे सावलीत ठेवावे. खाली वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर ते इंधन पंपात घालू नये. आणि हंगाम संपला की टाकी पूर्ण रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. हे एक काम ज्या घरी होते त्या घरचा पंप पुढच्या पावसाळ्यात सहसा रुसत नाही.

इथेनॉल नसलेले पेट्रोल मिळाले तर जुन्या पंपासाठी ते बरे. १०० ऑक्टेनचे काही महाग पेट्रोल तसे असल्याचे सांगितले जाते; मोठ्या शहरातल्या पंपावर विचारून, खात्री करूनच घ्यावे. तेवढ्यासाठी भाव मोजला तर आम्ही त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. पण ताजे आणि कोरडे साधे पेट्रोल हे शिळ्या महाग पेट्रोलपेक्षा केव्हाही चांगले.

रॉकेलविषयी एकच सांगतो. पूर्वी विहिरीवर पेट्रोलने सुरू करून रॉकेलवर चालवायचे इंजिन असे, ते त्यासाठीच बनवलेले होते. त्या आठवणीने कोणी पेट्रोल पंपात थोडे रॉकेल 'घालून बघतो'. रॉकेलचे ऑक्टेन फार कमी, ते लवकर आपोआप पेटते, पिस्टनला ठोके बसतात आणि काजळी धरते. डिझेलचे तर उलटेच शास्त्र आहे: तिथे प्लग नसतो, दाबाने आपोआप पेटणे हाच गुण असतो. एकाचा गुण दुसऱ्याचा दोष.

आता पालकांना विशेष विनंती. पेट्रोल आणायला मुलांना बाटली देऊन पाठवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या चुलीलाही पोहोचते. उणे ४० अंशांच्या आसपासही त्यातून पेट घेण्याजोगी वाफ निघते, मग आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात काय होत असेल याचा विचार करावा. गरम पंपात पेट्रोल भरू नये; पाठीवरून उतरवून, दहा मिनिटे थंड करून, मग भरावे. बिडी ओढणाऱ्याने तर त्या जागेपासून दूरच राहावे.

आणि सर्वांत धोक्याचे म्हणजे मोटारसायकलच्या टाकीत नळी घालून तोंडाने पेट्रोल ओढणे. हे काम बहुधा घरातल्या पोरालाच सांगितले जाते. चुकून एक घोटही श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला गंभीर इजा होते. कोणाच्या पोटात गेलेच तर त्याला उलटी करायला लावू नये, कारण उलटीबरोबर ते पुन्हा फुप्फुसात जाऊ शकते. दूध, मीठपाणी असले उपाय करत न बसता सरळ बुरहानपूरच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे. हाताने दाबायचा साधा प्लास्टिकचा पंप बाजारात अगदी स्वस्त मिळतो, तो प्रत्येक घरी असावा.

विज्ञानाचे शिक्षक शाळेच्या मैदानावर, मोकळ्या हवेत, एक प्रयोग करून दाखवणार आहेत. मापाच्या उंच नळीत १०० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घालून हलवले की खालचा थर १० चा न राहता ३० च्या आसपास जातो, कारण पेट्रोलमधले इथेनॉल पाण्यात उतरते. हा प्रयोग मुलांनी घरी करायचा नाही. ज्या पालकांना पाहायचा असेल त्यांनी येताना आपल्या पंपाची पुस्तिका बरोबर आणावी. ती इंग्रजीत असेल तर मिश्रणाचे गुणोत्तर आणि इथेनॉलची मर्यादा काय दिली आहे, ते वाचून पंपावरच मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून देण्याची व्यवस्था आम्ही करू.